क्योटोतलं साकेचं देऊळ, मात्सुनोओ ताइशा: जावं का?

नोव्हेंबरात क्योटोला चाललोय, साके (तांदळाची जपानी दारू) बनवणाऱ्यांचं जुनं शिंतो (जपानचा मूळ धर्म) देऊळ आहे म्हणे, वेळ काढण्यासारखं आहे का? आणि मी पीत नाही, तरी चालेल ना?

भटकभवानी: चालेल की! अराशियामाला (क्योटोतला फिरायचा भाग) जाणारच असाल ना, तिथून हांक्यू रेल्वे लाइनवर एकच स्टेशन, मात्सुओ-ताइशा, उतरलात की समोरच भलामोठा लाल तोरी (देवळाची कमान) दिसतो. देऊळ ७०१ सालचं, हाता नावाच्या घराण्याने बांधलेलं. आत साकेच्या पिंपांची उंच भिंतच रचलीये, फोटो तिथेच काढा. पण मला खरं आवडलं ते कामे-नो-ई, म्हणजे कासवाचा झरा, त्याचं पाणी साकेत मिसळलं की साके नासत नाही अशी श्रद्धा, म्हणून ब्रुअरीवाले अजून ते घेऊन जातात.

निवांत: +१. नोव्हेंबरात साकेचा हंगाम नीट पार पडावा म्हणून तिथे पूजा असते, जमलं तर तीच तारीख बघा. बागा रचणाऱ्या मिरेई शिगेमोरीची १९७५ची दगडी बाग चुकवू नका, तिकीट वेगळं आहे पण वर्थ इट. साके म्युझियम छोटंसंच, दहा मिनिटांत होतं.

प्रश्नकर्ता: भारी, धन्यवाद! झऱ्याचं पाणी प्यायला चालतं का?

भटकभवानी: हो, लोक बाटल्या भरून नेतात, रिकामी बाटली ठेवा सोबत.