शब्द त्याचे की नोंद त्याची?

'शेक्सपिअरने इंग्रजीत १७०० शब्द घडवले' असं बरेचदा सांगितलं जातं, त्यात थोडी भर. ऑक्सफर्ड डिक्शनरीसाठी उतारे काढणाऱ्यांनी शेक्सपिअर अगदी बारकाईने वाचला, म्हणून बऱ्याच शब्दांच्या पहिल्या वापराची नोंद त्याच्या नावावर लागली. पुढे त्यांतल्या कितीतरी शब्दांचे आधीचे वापर सापडले.

मला त्याची खरी कमाल वाटते ती नामाचं क्रियापद करण्यात. 'एल्बो' म्हणजे कोपर, शब्द जुनाच. पण त्याच्या 'किंग लिअर' नाटकात लाजच म्हाताऱ्या राजाला कोपराने ढकलते, त्याच्या मुलीसमोर, कॉर्डिलियासमोर जाऊ देत नाही! आपण लाथेवरून 'लाथाडणं' करतो, तसंच. हा प्रवेश नाटकाच्या १६०८च्या छापील प्रतीत आहे, १६२३च्या फोलिओत, म्हणजे त्याच्या नाटकांच्या एकत्रित संग्रहात, नाही. फक्त फोलिओच उरला असता तर ही ओळ आपल्याला मिळालीच नसती.