हॉर्टनमध्ये बाळंतपण होतं का?

प्रेषक: मंदार

नमस्कार मंडळी,

मी मंडळाच्या ईमेल यादीवर नवीन आहे. गेल्या महिन्यात आम्ही लंडनजवळच्या स्लाउहून इथे बॅनबरीला राहायला आलो. घरापासून हॉर्टन हॉस्पिटल चालत सात मिनिटांवर आहे. खरं सांगायचं तर घर घेताना तेच बघितलं होतं, कारण बायकोला सहावा महिना चालू आहे, पहिलीच वेळ. काल शेजारच्या बाई म्हणाल्या, तिथे फक्त मिडवाइफ, म्हणजे प्रशिक्षित सुईणी, असतात, डॉक्टर लागला तर ऑक्सफर्डला जावं लागतं. हे खरं आहे का? एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात सिझर होत नाही?

ता. क. गणपतीची वर्गणी कुठल्या खात्यात भरायची?

मंदार

---

प्रेषक: सुलभाताई

मंदार, वर्गणीचं खजिनदार सांगतील, बाकीचं मी सांगते.

शेजारीण बरोबर बोलली. ऑक्टोबर २०१६ पासून हॉर्टनमध्ये बाळंतपणं मिडवाइफच करतात. सिझर नाही, एपिड्यूरल (कळा कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन) नाही. सगळं सुरळीत चाललं तर तिथे, अडलं तर अ‍ॅम्ब्युलन्सने ऑक्सफर्डच्या जॉन रॅडक्लिफ हॉस्पिटलला. अंतर पंचवीसेक मैल.

माझी धाकटी २००६ साली हॉर्टनलाच झाली. सासूबाई तेव्हा इथे होत्या. त्या घरी अळिवाची खीर करायच्या आणि हे डबा घेऊन चालत यायचे, तर झाकण उघडताना वाफ यायची. शेजारच्या खाटेवरची बाई विचारायची, हे काळं काळं काय आहे म्हणून. जवळ हॉस्पिटल असणं म्हणजे काय, ते मला त्या वाफेवरून कळतं.

त्याच वर्षी हॉस्पिटल चालवणाऱ्या ट्रस्टने प्रस्ताव आणला की बॅनबरीतला प्रसूती विभाग आणि मुलांचा विभाग कमी करून मोठं काम ऑक्सफर्डला न्यायचं. तेव्हा पहिल्यांदा कळलं की इथे कौन्सिल नुसते कचऱ्याचे डबे उचलत नाही. कौंटीच्या आरोग्य स्क्रूटिनी कमिटीला, म्हणजे आरोग्यसेवेवर नजर ठेवणाऱ्या कौन्सिलरांच्या समितीला, तेव्हा एक हत्यार होतं: हॉस्पिटलातला मोठा बदल पटला नाही तर प्रकरण थेट आरोग्यमंत्र्यांकडे पाठवता यायचं. कमिटीने ते पाठवलं. मंत्र्यांनी ते स्वतंत्र तज्ज्ञ पॅनेलकडे दिलं. पॅनेलने गावात येऊन ऐकून घेतलं आणि २००८ मध्ये प्रस्तावाला नकार दिला. हॉर्टनला बदलावं लागेल हेही बजावलं, पण असं नाही. अ‍ॅलन जॉन्सन तेव्हा आरोग्यमंत्री होते, त्यांनी ते मान्य केलं. आम्ही पेढे वाटले. फार लवकर वाटले.

२०१६ मध्ये कारण वेगळं आलं: डॉक्टर मिळत नाहीत, म्हणून "तात्पुरतं" मिडवाइफ युनिट. त्या उन्हाळ्यात लोकांनी हातात हात धरून हॉस्पिटलभोवती कडं केलं. माझ्या एका हाताला एक म्हातारा शेतकरी होता, हात खरखरीत, बोलला काहीच नाही. सुटताना फक्त म्हणाला, माझे तिघे इथे झाले.

तात्पुरतं ते ऑगस्ट २०१७ मध्ये कायमचं झालं. कौंटीत कुठल्या आरोग्यसेवा द्यायच्या ते तेव्हा ठरवणाऱ्या ऑक्सफर्डशायरच्या क्लिनिकल कमिशनिंग ग्रुपने तसा ठराव केला. मग चेरवेल डिस्ट्रिक्ट कौन्सिल कोर्टात गेली, सोबत साउथ नॉर्थम्प्टनशायर, स्ट्रॅटफर्ड-ऑन-एव्हन आणि बॅनबरी टाउन कौन्सिल. गंमत बघ, तेव्हा चेरवेलला सत्तेत कॉन्झर्व्हेटिव्ह आणि लंडनलाही कॉन्झर्व्हेटिव्ह. गल्लीने दिल्लीच्या खात्याला कोर्टात खेचलं. कौन्सिलांचं मुख्य म्हणणं असं की सल्लामसलत दोन तुकड्यांत केली. आधी प्रसूती विभागाचं विचारलं, आणि मुलांचा विभाग, अपघात विभाग, बाकीची मिडवाइफ युनिटं "दुसऱ्या टप्प्यात" ठेवली. एकावर एक रचलेल्या भिंतीतली वीट आधी काढायची आणि भिंतीचं नंतर बोलू म्हणायचं! डिसेंबर २०१७ मध्ये हायकोर्टाने दावा फेटाळला.

दुसरी वाट मात्र थोडी चालली. स्क्रूटिनी कमिटीने प्रकरण पुन्हा मंत्र्यांकडे पाठवलं होतं. २०१८ मध्ये पॅनेल म्हणालं, पर्याय नीट तपासा, आणि शेजारच्या कौंट्यांनाही धरा. ब्रॅकली नॉर्थम्प्टनशायरमध्ये आणि शिपस्टन वॉरिकशायरमध्ये, पण बायका येणार बॅनबरीलाच. मी सावंतवाडीची, मला हे सांगावं लागत नाही. आमच्याकडे जरा काही गंभीर झालं की सरळ गोव्यातलं बांबोळीचं हॉस्पिटल, साठेक किलोमीटर, राज्याची हद्द ओलांडून. २०१८ मध्ये गोव्याने बाहेरच्या पेशंटना फी लावली तेव्हा दोडामार्गात लोक आंदोलनाला बसले होते. कारभार हद्दीने चालतो, कळा कुठे चालतात?

तर तीन कौंट्यांची एकत्र कमिटी बसली, कागद झाले, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये कमिशनिंग ग्रुपने तोच निर्णय पुन्हा दिला.

तुझ्या बायकोला विचार, तिला काय वाटतं. घाबरवायला लिहिलेलं नाही.

सुलभाताई

---

प्रेषक: डॉ. श्रीकांत

सुलभाताई, पत्र वाचून मजा आली, पण एक बाजू राहिली. डॉक्टर मिळत नव्हते हे निमित्त नव्हतं. हॉर्टनला वर्षाला दीडेक हजार बाळंतपणं व्हायची. शिकाऊ डॉक्टरांना तेवढ्यात पुरेसा अनुभव मिळत नाही म्हणून ट्रेनिंगची मान्यता आधीच गेली होती. मान्यता गेली की ज्युनियर येत नाहीत, ज्युनियर नाहीत की रात्रीचा रोटा, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक, भरत नाही. रात्री तीनला भूलतज्ज्ञ आणि सिझर करणारा हात जागेवर नसेल तर दारावर "कन्सल्टंट युनिट" अशी पाटी असून उपयोग काय? मी स्वतः असे रोटे भरले आहेत, जाहिरातीमागून जाहिरात दिली तरी अर्ज येत नाहीत.

आणि लहान, एका बाजूला पडलेल्या युनिटचं काय होऊ शकतं ते बॅरोच्या फर्नेस जनरल हॉस्पिटलमध्ये सगळ्या देशाने पाहिलं. त्याच्या चौकशीच्या २०१५ च्या कर्कअप अहवालात ११ बाळं आणि एक आई टाळता येण्याजोगी गेली असं लिहिलं आहे.

श्रीकांत

---

प्रेषक: सुलभाताई

डॉक्टर, रोट्याचं मान्य. ट्रेनिंग काढून घ्यायचं आणि मग डॉक्टर येत नाहीत म्हणायचं, हे चक्र कुणी फिरवलं ते सोडून देऊ.

पण बॅरोचा दाखला पुरा द्या. कर्कअपने बोट ठेवलं ते मिडवाइफ, प्रसूतितज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ यांच्यातल्या बिनसलेल्या संबंधांवर, आणि चुका झाकण्यावर. त्यानंतर बॅरोचा विभाग बंद केला नाही. उलट २०१८ मध्ये तिथेच नवीन बर्थ सेंटर सुरू केलं. तिथून दुसरं हॉस्पिटल लांब पडतं. अंतराला बॅरोमध्ये किंमत आहे, मग बॅनबरीत का नाही?

मिडवाइफ युनिटला मी नावं ठेवत नाही. बाळंतपणाच्या वेगवेगळ्या जागांची तुलना करणारा २०११ चा बर्थप्लेस अभ्यास तुम्हाला माहीतच असेल: कमी जोखमीच्या बायकांसाठी ही युनिटं सुरक्षित, आणि कापाकापीही कमी. पण त्याच अभ्यासात आहे की डॉक्टर जवळ नसलेल्या अशा युनिटमध्ये जाणाऱ्या पहिलटकरणींपैकी ३६ टक्के बायकांना मोठ्या हॉस्पिटलात हलवावं लागलं. दुसरेपणाच्या बायकांत तो आकडा दहाच्या आतबाहेर. म्हणजे मंदारच्या बायकोसारख्या दर तिघींपैकी एकीला, कळा येत असताना किंवा बाळ झाल्याझाल्या, एम४० हायवेवरून. गावाकडे याला आपण "रेफर केलं" म्हणतो, आणि तो शब्द ऐकला की नातेवाइकांचे चेहरे कसे होतात ते तुम्हीही पाहिलं असेल.

सुलभाताई

---

प्रेषक: अविनाश (सचिव)

मंडळी, दोघांच्याही मेल वाचनीय, पण यादीवर राजकारण नको हा आपला नियम. मंदार, वर्गणीचा तपशील वेगळा पाठवला आहे. मोदकांची ऑर्डर रविवारपर्यंत.

---

प्रेषक: सुलभाताई

अविनाश, पक्षाचं नावही घेऊ नको म्हणत असशील तर नाही घेत. पण एक कामाची गोष्ट सांगू दे. स्क्रूटिनी कमिटीचा मंत्र्यांकडे प्रकरण पाठवण्याचा तो अधिकार ३१ जानेवारी २०२४ पासून गेला. ज्याच्या जोरावर २००८ मध्ये जिंकलो, तेच हत्यार काढून घेतलं. त्याच्या जागी आता कुणीही, कौन्सिल असो, मंडळ असो, एकटी बाई असो, मंत्र्यांना लिहून विनंती करू शकतं की हा बदल तुम्ही हातात घ्या. आधी इथे बोलून सोडवायचा प्रयत्न झालेला दिसला पाहिजे, आणि ऐकायचं की नाही ते मंत्र्यांच्या मर्जीवर. पूर्वी कमिटी पाठवायची, आता आपण अर्ज करायचा, हा फरक कमी नाही.

आपल्या यादीवर बॅनबरी, बायस्टर, ब्रॅकली मिळून बरीच तरुण जोडपी आहेत. मंडळाच्या नावाने नको, आमच्या पाच-सहा जणींच्या सहीने एक पत्र काढते. तिथे पुन्हा डॉक्टर आणायची योजना आहे का, एवढंच विचारायचं. डॉक्टर, मसुदा तुम्ही तपासा. रोट्याबद्दल मी चूक लिहिलं तर आपलंच हसं होईल.

---

प्रेषक: डॉ. श्रीकांत

पाठवा. सही करणार नाही, तपासून देतो. मंदार, तुझ्यासाठी: पुढच्या भेटीत मिडवाइफला सरळ विचार, हलवायची वेळ आली तर कोण ठरवतं आणि किती वेळ लागतो. सुरुवातीपासून जॉन रॅडक्लिफला नाव घालायचं असेल तर तोही तिचा हक्क आहे, कुणाचं मन राखायची गरज नाही.

---

प्रेषक: मंदार

सगळ्यांचे आभार. बायकोला सुलभाताईंच्या मेल वाचून दाखवल्या. ती म्हणाली ऑक्सफर्डच. आईला मात्र हे समजावताना नाकी नऊ आले, सात मिनिटांवर दवाखाना सोडून कुठे निघालात म्हणून.

रस्त्याची तालीम करून आलो. रविवारी सकाळी एम४० ला जंक्शन ११ ला चढलो, जंक्शन ८ए ला उतरून हेडिंग्टनच्या राउंडअबाउटवरून हॉस्पिटलच्या दारापर्यंत ३६ मिनिटं. मंगळवारी मुद्दाम पावणेआठला निघालो. एक तास आठ मिनिटं, त्यातली वीस त्या राउंडअबाउटच्या अलीकडे. बायको शेजारच्या सीटवर पोटावर उशी धरून बसली होती, आणि एकदाही बोलली नाही.

मंदार

---

प्रेषक: सुलभाताई

मंगळवारचा आकडा पत्रात घालते. तारीख कळव. आणि तिला सांग, अळीव इथल्या इंडियन दुकानात मिळतात. मी किलोभर आणून ठेवले आहेत.