गिंपमध्ये केशरी पार्श्वभूमीवरील अक्षरे नीट दिसत नाहीत

प्रश्न

आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेचे निमंत्रण मी गिंप २.१० या चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार करीत आहे. पार्श्वभूमीसाठी केशरी छटांची एक जुनी जीआयएफ प्रतिमा उघडली आणि तिच्यावर टेक्स्ट टूलने मजकूर लिहिला. अक्षरांसाठी मरून रंग निवडला असून टूलच्या रंगाच्या चौकोनात तो तसाच दिसतो. परंतु चित्रावर अक्षरे गडद नारिंगी उमटतात आणि पार्श्वभूमीत मिसळून जातात. मजकुराचा लेयर (चित्राचा थर) सर्वांत वर आहे, त्याची ओपॅसिटी (अपारदर्शकता) १०० टक्के आहे आणि खालच्या थरात मिसळण्याचा मोड नॉर्मल आहे. मग रंग का बदलतो?

प्रतिसाद १

खिडकीच्या वरच्या पट्टीत फाइलच्या नावापुढे ‘इंडेक्स्ड’ (ठरावीक रंगयादीचे चित्र) असे लिहिलेले आहे का, ते आधी पाहावे. जीआयएफमध्ये जास्तीत जास्त २५६ रंगांची ठरावीक यादी असते आणि अशी फाइल उघडल्यावर गिंप त्या यादीबाहेरचा रंग वापरू देत नाही. आपण निवडलेल्या रंगाच्या सर्वांत जवळचा जो रंग यादीत असेल तोच अक्षरांना मिळतो. आपल्या चित्रात केवळ केशरी छटा असल्यामुळे मरूनला गडद नारिंगीवर भागवावे लागले. इमेज मेनूतील मोडमध्ये जाऊन आरजीबी (लाल, हिरवा व निळा मिसळून कोणताही रंग देणारी पद्धत) निवडावे आणि मजकुराचा रंग पुन्हा एकदा द्यावा. अक्षरांच्या कडा दातेरी दिसत असतील तर त्याही यामुळे सुधारतील.

प्रश्नकर्ता

आरजीबी केल्यावर मरून रंग लगेच आला, मनःपूर्वक आभार. आता दुसरी अडचण अशी, की कार्यकारिणीला शीर्षक आणि त्याखालील वेळापत्रक पांढऱ्या रंगातच हवे आहे. संगणकावर ते ठीक दिसते, पण मोबाइलवर वेळापत्रकातील अनुस्वार आणि रफार दिसेनासे होतात.

प्रतिसाद २

येथे दोष सॉफ्टवेअरचा नसून रंगांच्या जोडीचा आहे. अक्षर वाचता येणे हे रंग किती वेगळे आहेत यापेक्षा त्यांच्या उजळपणात किती अंतर आहे यावर अवलंबून असते, आणि केशरी रंग आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच उजळ असतो. एफएफ९९३३ या रंगसंकेताचा केशरी धरला, तर त्यावर पांढऱ्याचे कॉन्ट्रास्ट गुणोत्तर (दोन रंगांच्या उजळपणातील अंतराचे माप) साधारण २.१ येते, ८००००० या संकेताच्या मरूनचे ५.१ आणि काळ्याचे जवळजवळ ९.९. वेबवरील सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सामान्य आकाराच्या मजकुराला किमान ४.५ आणि मोठ्या अक्षरांना ३ हवे; म्हणजे पांढरा रंग शीर्षकालाही पुरत नाही. देवनागरीत तर ‘वंदन’ आणि ‘वदन’ यांतील फरक एका टिंबाचा असतो, त्यामुळे ही मर्यादा मी इंग्रजीपेक्षा अधिक काटेकोरपणे पाळतो. चित्राची एक प्रत करून कलर्स मेनूतील डीसॅच्युरेट (रंग काढून चित्र करडे करणारा पर्याय) चालवून पाहावे. करड्या रंगात जे वाचता येत नाही, ते मोबाइलवर उन्हात मुळीच वाचता येणार नाही. वेळापत्रक मरूनमध्येच ठेवावे, असे मी आग्रहाने सुचवेन.

प्रतिसाद ३

शीर्षक पांढरेच हवे असेल तर त्याला मरून किनार द्यावी. मजकुराच्या लेयरवर राइट क्लिक करून ‘अल्फा टू सिलेक्शन’ निवडावे (यामुळे अक्षरांच्या आकाराची निवड होते), सिलेक्ट मेनूतील ‘ग्रो’ने निवड ३-४ पिक्सेल वाढवावी आणि मजकुराच्या खाली नवा लेयर घेऊन त्यात मरून भरावा. असे केल्याने मजकूर पुढेही बदलता येतो; मात्र शब्द बदलल्यास किनार नव्याने करावी लागते. २०२५ मध्ये आलेल्या गिंप ३.० मध्ये टेक्स्ट टूललाच बाह्यरेषेची सोय आहे.

मूळ काम एक्ससीएफ या गिंपच्या स्वतःच्या फाइल प्रकारात जपावे आणि पाठवण्यासाठी पीएनजी एक्स्पोर्ट करावे. जेपीईजीच हवी असल्यास एक्स्पोर्टच्या प्रगत पर्यायांत सबसॅम्पलिंग (रंगांचा तपशील कमी करून फाइल लहान करणे) ४:४:४, म्हणजे तपशील न घटवणारे, ठेवावे, अन्यथा केशरीवरील मरून अक्षरांच्या कडा पसरतात आणि लहान अनुस्वार पुन्हा पुसट होतात.