‘अ‍ॅक्रोबॅटिक्स’ला कसरत म्हणावं का?

मुलीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचं निवेदन लिहितोय. एका कार्यक्रमाचं नाव ‘अ‍ॅक्रोबॅटिक्स’. मी ‘कसरती’ लिहिलं, बाईंनी ‘व्यायाम वाटतो’ म्हणून खोडलं. दुसरा शब्द सुचवा.

– बाईंचं अगदीच चूक नाही. कसरत मूळ अरबी, तिथे अर्थ विपुलता. हिंदुस्तानीतून आपल्याकडे येईपर्यंत सराव आणि मग तालमीतली मेहनत असा झाला. जोर-बैठकाही कसरतच. अ‍ॅक्रोबॅट ग्रीक : आक्रोस म्हणजे टोक, म्हणून चवड्यांवर चालणारा. तिकडचा शब्द पाय कुठे टेकलेत ते सांगतो, आपला घाम किती गळला ते. तरी मी कसरतच ठेवीन, फक्त एकटी सोडू नका. ‘झुल्यावरची कसरत’ म्हटलं की लगेच सर्कशीचा तंबू दिसतो.

– आणि ‘तारेवरची कसरत’ म्हटलं की महिनाअखेर दिसते! ती तार कधीच गळून पडली.

– कौटिलीय अर्थशास्त्रात नट, नर्तक, गायकांच्या रांगेत ‘प्लवक’ येतो. उड्या मारणारा, दोरीवर खेळणारा. वापरायला हरकत काय?

– हरकत जीवशास्त्राची. तिथे प्लवक म्हणजे पाण्यावर तरंगणारे सूक्ष्म जीव. शिवाय ‘प्लवंग’ म्हणजे माकड. पालक चिडतील.

– डोंबाऱ्याचा खेळ?

– नको. आपण तो शब्द फजितीसाठी वापरून नासवलाय. खेळ मुळीच फजितीचा नव्हता. आमच्या बाजाराच्या चौकात दोन्ही टोकांना बांबूंची कैची, मध्ये दोर, खाली बाप ढोलकी वाजवतोय आणि वर आठ-नऊ वर्षांची पोर हातात आडवी काठी धरून चाललीय. मध्येच पायाखाली थाळी घ्यायची, आणि थाळीसकट पुढे सरकायची. ढोलकी थांबली की चौकही गप्प. एका जमातीच्या पोटापाण्याचं नाव टिंगलीला वापरणं मला तरी जमत नाही. कोलांटउडीचंही तेच, ती कोल्हाट्यांची. आता बातम्यांत ती फक्त पक्ष बदलणारे मारतात.

– अहो, पण मुली स्टेजवर नक्की करतात काय? ते कुणी विचारलंच नाही.

– सहा जणी आहेत. आधी दोघी कोलांटउड्या मारत येतात, मग खाली तिघी, वर दोघी, सगळ्यांत वर एक. तिला वर्गात आत्तापासूनच ‘एक्का’ म्हणतात.

– मग हे मानवी मनोरे झाले! दहीहंडीचे थर बघणाऱ्यांना आणखी काय समजावणार?

– बाईंना दाखवलं. ‘कोलांटउड्या आणि मनोरे’ मंजूर. ‘एक्का’ मात्र खोडला.