टीव्हीच्या पीसीवर लिब्रेएलेक की डेबियन? (चर्चा; प्रत्येक मताआधी लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

दिवाणखाना: टीव्हीखालच्या मिनी पीसीवर सर्रास मिंट किंवा उबुंटू ही लिनक्सची वितरणं टाकून त्यावर कोडी हा मीडिया प्लेअर चढवतात. माझं मत स्पष्ट आहे: तिथे लिब्रेएलेकच हवं, म्हणजे फक्त कोडी चालवण्यापुरतं लिनक्स. उदाहरणाला इंटेल एन१००, ८ जीबी रॅम, ४के टीव्ही आणि मध्ये स्पीकरना आवाज पुरवणारा एव्ही रिसीव्हर धरू.

खरा फरक पडतो तो फ्रेम रेटमध्ये, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दाखवायची त्यात. चित्रपट बहुतेक २३.९७६ फ्रेमचे, आपल्याकडचं डीटीएचचं रेकॉर्डिंग २५ चं, आणि डेस्कटॉप बसतो ६० हर्ट्झवर अडून. मग एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा दाखवावी लागते आणि कॅमेरा आडवा फिरला की चित्र अडखळतं. २५ चं गणित तर ६० मध्ये बसतच नाही. लिब्रेएलेकमध्ये कोडी थेट स्क्रीनशी बोलतो, मध्ये डेस्कटॉप नाही. प्लेअर सेटिंगमध्ये 'अ‍ॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट' हे 'ऑन स्टार्ट/स्टॉप'वर ठेवा. डिस्प्लेच्या व्हाइटलिस्टमध्ये (वापरायच्या रिफ्रेश रेटच्या यादीत) २३.९८ आणि २४ या दोन्हींवर खूण करा. २३.९७६ चा चित्रपट नेमक्या २४ वर चालला तर साधारण दर ४२ सेकंदांनी एक हिसका बसतो.

शिवाय सिस्टीम स्क्वॉशएफएस या फाइल-प्रणालीत, फक्त वाचण्यापुरती. लाइट गेली तरी तिला धक्का लागत नाही.

टर्मिनलकर: फ्रेम रेटचं पटलं, पण ते श्रेय लिब्रेएलेकचं नाही, जीबीएमचं आहे, म्हणजे डेस्कटॉपशिवाय थेट स्क्रीनवर चित्र काढण्याच्या पद्धतीचं. डेबियन १३ हे सर्वसाधारण वापराचं लिनक्स डेस्कटॉपशिवाय बसवा, कोडी आणि इंटेलचा मीडिया ड्रायव्हर घाला, कोडी 'विंडोइंग' पर्यायात जीबीएम देऊन सुरू करा. एचडीआरही (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला) मिळतं. युजरला व्हिडिओ, रेंडर, इनपुट आणि ऑडिओ या चारही ग्रुपमध्ये टाकायला विसरू नका. इनपुट राहिला तर कोडी उठतो पण कीबोर्ड-रिमोट मुके. रेंडर राहिला तर डिकोडिंग प्रोसेसरवर येतं आणि १० बिट ४के धापा टाकतं. आधी 'व्हीएइन्फो' ही कमांड चालवून हार्डवेअर उलगडू शकतं त्या फॉरमॅटच्या यादीत 'एचईव्हीसी मेन १०' आणि 'एव्ही१' दिसतात का बघा. एन१०० वर दोन्ही दिसायला हवेत.

लिब्रेएलेकमध्ये 'एप्ट' हे सॉफ्टवेअर बसवण्याचं साधनच नाही. घरच्यांना टीव्हीवर ब्राउझर लागला की काय करणार? क्रोम अ‍ॅडऑनला एक्स११ ही जुनी चित्र-प्रणाली लागते, म्हणजे लिब्रेएलेकची नेहमीची जेनेरिक इमेज सोडून लेगसी इमेज, आणि तिथे एचडीआर गेलं.

दिवाणखाना: टर्मिनलकर, ब्राउझरसाठी तुम्हालाही डेस्कटॉप उठवावा लागेलच. त्याच्या आतून जीबीएमचा कोडी सुरू होत नाही, कारण स्क्रीनचा ताबा एका वेळी एकालाच मिळतो. दर वेळी एक बंद करून दुसरं सुरू करणं आजी-आजोबांना सांगणार का?

डेस्कटॉपमध्येच कोडी चालवला तर आवाज पाइपवायर या डेस्कटॉपच्या आवाज-सेवेतून जातो. रिसीव्हरवर ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी हे सराउंड फॉरमॅट उमटायच्या जागी पीसीएम (पीसीनंच उलगडलेला आवाज) दिसतं. कोडीचा ऑडिओ बॅकएंड अल्सा (लिनक्सचा आवाजाचा थेट मार्ग) केला तरी पाइपवायरने डिव्हाइस धरून ठेवलं असेल तर यादीत ते येत नाही. लिब्रेएलेकमध्ये एचडीएमआयचं आउटपुट अल्सातूनच निवडायचं, पासथ्रू (आवाज न उलगडता रिसीव्हरकडे पाठवणं) चालू करायचं, रिसीव्हर जे फॉरमॅट घेतो तेवढ्यांवर खूण करायची. संपलं.

काळा पडदा: ब्राउझरवर एवढं भांडण कशाला? लिनक्सच्या ब्राउझरला वाइडवाइन या कॉपी-संरक्षणाची एल३ ही सर्वांत खालची पातळीच मिळते. पैसे भरलेल्या ओटीटीचं ४के त्यावर येतच नाही, वितरण कुठलंही घ्या. त्यासाठी टीव्हीचं स्वतःचं अ‍ॅप वापरा आणि पीसी आपल्या संग्रहासाठी ठेवा. माझं मत लिब्रेएलेकला.

पण लाइट गेल्यावर धक्का लागत नाही, हे अर्धंच खरं. '/स्टोरेज' हा डेटाचा भाग ईएक्सटी४ या फाइल-प्रणालीत आहे आणि त्यावर सतत लिहिलं जातं. कोडी २१ ची लायब्ररी तिथल्या 'मायव्हिडिओज१३१' या फाइलमध्ये असते. स्कॅन चालू असताना वीज गेली तर सिस्टीम उठेल, लायब्ररी मात्र बिघडू शकते. छोटा यूपीएस लावा, आणि लिब्रेएलेकच्या सेटिंगमधून बॅकअप घेऊन तो दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. त्याच डिस्कवरचा बॅकअप डिस्क गेली की गेलाच.

टर्मिनलकर: ब्राउझर म्हणजे फक्त ओटीटी नव्हे. मुलांचे ऑनलाइन तास, यूट्यूबवरची व्याख्यानं, व्हिडिओ कॉल हेही टीव्हीवरच चालतं. ज्या घरात दुसरा संगणक नाही तिथे पडद्याचं यंत्र एकाच कामाला बांधणं मला पटत नाही. तिथे डेबियनवर साधा डेस्कटॉप आणि आवाज स्टीरिओ ठेवा. रिसीव्हर नसेल तर पासथ्रूचा प्रश्नच उरत नाही.

कानामात्रा: मराठी सबटायटलच्या जागी चौकोन दिसत असतील तर नोटो सॅन्स देवनागरीची टीटीएफ फाइल '.कोडी/मीडिया/फॉन्ट्स' या फोल्डरमध्ये टाका, कोडी पुन्हा सुरू करा आणि सबटायटल सेटिंगमध्ये तो फॉन्ट निवडा. हे दोन्हीकडे चालतं. टीव्हीच्या रिमोटनं पीसी चालवायचा असेल तर वितरण बदलून फायदा नाही. बहुतेक मिनी पीसींच्या एचडीएमआयला सीईसी (टीव्हीच्या रिमोटचे आदेश एचडीएमआयमधून पोचवणारी सोय) जोडलेलंच नसतं, वेगळा यूएसबी-सीईसी अ‍ॅडॅप्टर घ्यावा लागतो. रास्पबेरी पायवर ते आधीपासून असतं.