मदत हवी आहे: पहिला स्टील टंग ड्रम कोणता घ्यावा, आणि घेतल्यावर वाजवायचा कसा?

अर्धमात्रा

नमस्कार मंडळी. दोन महिने व्हिडिओ बघून बघून डोकं भणभणलंय, म्हणून शेवटी धागा काढतेय.

आधी माझी पात्रता: लहानपणी दोन वर्षं पेटी शिकले, अलंकारांतच कंटाळून सोडली. ताल बरा आहे, बोटं जड आहेत. संध्याकाळी अर्धा तास, कुणाला ऐकवायचं नाही, आपल्यापुरतं काहीतरी वाजवावं एवढीच इच्छा. हँडपॅनच्या (हातांनी वाजवायचं पोलादी घुमटाचं वाद्य) प्रेमात पडले होते, किंमत बघितली आणि प्रेम आवरलं. मग कळलं की स्टील टंग ड्रम नावाचं त्याचं स्वस्त भावंड असतं: पोलादी घुमट, त्यावर कापलेल्या जिभा, काडीने किंवा बोटाने वाजवायच्या.

तीन पर्याय समोर आहेत. ६ इंची, ८ जिभांचा, पाच स्वरांचा. हा सहज परवडतो. १२ इंची, ११ जिभांचा, सी मेजर, म्हणजे सातही शुद्ध स्वर. हा जरा ताणून. १४ इंची, १५ जिभांचा. हा माझ्या आवाक्याबाहेर, फक्त बघायला ठेवलाय.

प्रश्न: ८ जिभा पुरतात का? ‘४३२ हर्ट्झ’ लिहिलेला घ्यावा की ४४०? ‘टायटॅनियम स्टील’ म्हणजे खरंच काही वेगळं असतं का? आणि सगळ्यात मोठी भीती, आठ दिवस टुंग टुंग करून तो कपाटावर जाऊन बसेल का?

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं. ‘त्यापेक्षा गिटार घ्या’ असं सांगणाऱ्यांना आधीच नमस्कार.

नुसताच_वाचक

त्यापेक्षा कलिंबा घ्या, अंगठ्यांनी वाजवायचा तो छोटा. (गिटार नाही म्हणालात.)

चिमणी_१२

माझ्याकडे ६ इंची आहे, म्हणून अनुभवाचे बोल. दिसायला गोड, पिशवीत मावतो, पण आवाज बारीक आहे. व्हिडिओत ऐकलेला तो खोल, गुंजणारा नाद त्यातून येत नाही. सुरुवातीला वाटलं मला वाजवता येत नाही. नंतर मैत्रिणीचा मोठा वाजवला तेव्हा कळलं की दोष माझा नव्हता. आता तो पुतणीकडे असतो, ती खूश आहे.

खर्जातला

चिमणीताईंनी नेमकं दुखणं सांगितलंय. त्याचं कारण साधं आहे. जीभ म्हणजे एका टोकाला घट्ट धरलेली पट्टी, टेबलाच्या कडेला दाबून टुंग करतो त्या फूटपट्टीसारखी. जाडी तीच ठेवून लांबी अर्धी केली तर स्वर एक सप्तक वर जात नाही, दोन सप्तकं जातो. म्हणजे खालच्या स्वरांना लांब जिभा लागतात आणि लांब जिभांना जागा लागते. ६ इंचांच्या घुमटावर आठ खर्जाच्या जिभा बसणारच नाहीत. त्यामुळे जिभा किती, हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा की सगळ्यात खालचा स्वर कोणता. वर्णनात सी४, जी३ असं लिहिलेलं असतं ते बघा. सी म्हणजे आपली पांढरी एक. आकडा जितका लहान तितकं सप्तक खालचं. सी५ पासून सुरू होणारा ड्रम किणकिणणारच.

आता पाच स्वर की सात. पाच स्वरांचा म्हणजे सी मेजर पेंटाटोनिक: सा रे ग प ध, सरळ भूप रागाचे स्वर. यात अर्ध्या सुराच्या अंतरावर कुणीच नाही, त्यामुळे दोन स्वर एकमेकांत मिसळले तरी कानाला खटकत नाही. या वाद्यात ही फार मोठी सोय आहे, कारण नाद लांबतो आणि आधीचा स्वर विरायच्या आत पुढचा येऊन बसतो. ‘चुकूच शकत नाही’ म्हणतात ते याचमुळे.

आणि पाच म्हणून हिणवू नका. तोच ड्रम, त्याच जिभा, फक्त सा कुठे मानायचा ते बदला. रेला सा माना, मधमाद सारंगाचे स्वर मिळतात. गला सा माना, मालकंसाचे. पला मानला तर दुर्गाचे, धला मानला तर धानीचे. मूर्च्छना म्हणतात ती हीच. राग म्हणजे नुसते स्वर नव्हेत हे मला माहीत आहे, त्यावरून इथे कुणी कुस्तीला उतरू नये.

पण तुम्ही पेटी शिकला आहात. दोन वर्षांची का असेना, कानात सातही स्वर आहेत. आठवड्याभरात एखादं ओळखीचं गाणं काढायला जाल, म किंवा नि लागेल आणि तिथे जीभच नसेल. तुम्ही ११ चाच घ्या. त्यातल्या म आणि निला हात लावला नाही की भूप तयार आहेच. उलटं करता येत नाही.

ठोकपीट

स्वस्तच हवा असेल तर घरी का करत नाही? हे वाद्य जन्मलंच मुळी जुगाडातून. २००० मध्ये स्वित्झर्लंडच्या बर्नमध्ये फेलिक्स रोहनर आणि सबिना शेरर यांनी ‘हांग’ बनवलं, म्हणजे हँडपॅनचं मूळ वाद्य, ते मिळणं दुरापास्त होतं. मग २००७ मध्ये अमेरिकेत डेनिस हॅवलेना यांनी प्रोपेनच्या टाकीच्या बुडाला जिभा कापून ‘हँक ड्रम’ केला. हांग अधिक टँक, हँक. जिगसॉ असली की झालं. फट लांबवली की स्वर उतरतो, जिभेचं टोक घासलं की चढतो.

खर्जातला

ठोकपीट, माहिती बरोबर आहे, सल्ला अर्धा आहे. ज्यात कधी गॅस भरलेला होता त्या टाकीला करवत लावायची नाही. रिकामी वाटणाऱ्या टाकीतही गॅस शिल्लक असतो आणि एक ठिणगी पुरते. करायचंच तर कधीही न भरलेली कोरी टाकी घ्यावी. अर्धमात्राताईंना संध्याकाळी अर्धा तास शांतता हवी आहे, त्यांच्या हातात जिगसॉ कशाला देताय?

ठोकपीट

मान्य. कोरी टाकी लिहायचं राहिलं.

टिपकागद

४३२ बद्दल कुणीच बोललं नाही. हा ए या स्वराच्या सेकंदातल्या कंपनांचा आकडा, बाकीचे स्वर त्यावरून लावतात. ४४० आणि ४३२ मध्ये साधारण ३२ सेंटचा फरक पडतो. अर्धा सूर म्हणजे १०० सेंट, त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा. एकटं वाजवलंत तर काहीच कळणार नाही, सगळे स्वर सारखेच उतरलेले असतात. पण ४४० ला लावलेल्या पेटी, कीबोर्ड किंवा बासरीबरोबर वाजवायला बसलात तर पहिल्या स्वरालाच तोंड वाकडं होईल. आणि नंतर सगळा ड्रम चढवणं तुमच्या हातात नाही. बाकी शरीराला, मनाला काय होतं वगैरे जाहिरातीत राहू द्या. ४४० घ्या.

टायटॅनियमचंही तसंच. घुमट पोलादाचाच असतो. नावावर पैसे घालण्यापेक्षा जिभा किती नीट लावल्यात ते बघा. विक्रेत्याकडून त्याच नगाचं ध्वनिमुद्रण मागा, एकेक जीभ सुटी, मध्ये थांबून, मागे संगीत नको, घुमवलेला आवाज नको. ते इअरफोनवर ऐका, कारण फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून खालचे स्वर येतच नाहीत आणि सगळेच ड्रम सारखे वाटतात. ट्यूनर अ‍ॅप समोर ठेवा. पाच-सात सेंट इकडेतिकडे चालतात, वीस असतील तर सोडून द्या. एखादी जीभ ‘टुंग’ऐवजी ‘ठक’ म्हणत असेल तरी सोडा.

अर्धमात्रा

इतकं नेमकं कुणीच सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. १२ इंची, ११ जिभा, ४४० ठरलं. जिभांवर आकडे छापलेत आणि काहींच्या खाली-वर टिंबं आहेत, ती काय भानगड? आणि बोटं की काड्या?

खर्जातला

१ म्हणजे सा, २ म्हणजे रे, असं ७ पर्यंत. टिंब खाली असेल तर मंद्र म्हणजे खालचं सप्तक, वर असेल तर तार म्हणजे वरचं. भातखंडे लिपीतही टिंबं अशीच देतात, म्हणजे तुम्हाला नवीन काहीच नाही.

सुरुवात काड्यांनी करा. काडी मुठीत आवळू नका. अंगठा आणि पहिल्या बोटात सैल धरा, तिला तिची उसळी घेऊ द्या. मारायचं जिभेच्या मोकळ्या टोकाकडे, मुळाशी नाही. मुळाशी मारलं तर नुसता पत्रा वाजतो. बोटांना वेळ लागतो. इस्त्री तापली का हे बघायला आपण बोट कसं लावतो? टेकलं न टेकलं आणि परत. तस्सं. बोट रेंगाळलं की त्यानेच स्वर मरतो. नखाने वाजवू नका, पेराच्या मांसल भागाने वाजवा.

आणि कपाटावर जाण्याच्या भीतीवर उपाय म्हणजे पहिले चार दिवस गाणं काढू नका. खालचा एक स्वर वाजवा आणि तो पूर्ण विरेपर्यंत थांबा. किती वेळ टिकतो ते कानाला कळलं की दुसरा कधी वाजवायचा ते आपोआप कळतं. मग डाव्या हाताने दर चार मात्रांनी सा आणि मंद्र प आलटून पालटून, उजवा हात मोकळा, सुचेल तिथे एखादा स्वर. पेटीवाले इथे हमखास फसतात, ताना घ्यायला जातात. या वाद्यात द्रुत तान म्हणजे नुसता गलबला.

चिमणी_१२

ड्रम मांडीवर घेतलात तर खालचं भोक झाकलं जाणार नाही हे बघा, झाकलं की आवाज कोंडतो. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा. रंग उडाला तिथे घामाने गंज धरतो, माझ्याकडे पुरावा आहे.

अर्धमात्रा

तीन आठवड्यांनी परत आलेय. ड्रम आला! आणि रडकथाही आल्या.

पहिल्या दिवशी मंद्र प वाजवला की ‘झर्रर्र’. परत पाठवायच्या तयारीत होते, तेवढ्यात टिपकागद यांचं वाचून ध्वनिमुद्रण करायला ड्रम दुसऱ्या खोलीत नेला, तर झर्र गायब. टेबलावरची चष्म्याची डबी वाजत होती. ड्रमचा काहीच दोष नाही. आता खाली घडी घातलेला टॉवेल असतो.

दुसरी कथा ७ ची. ती मात्र खरोखर ‘ठक’. दोन दिवस तिला टाळून भूप वाजवला. (खर्जातले दादा, तुमचा सल्ला असा कामी आला.) मग लक्षात आलं की आकड्याचा स्टिकर फटीवरून जाऊन अर्धा शेजारच्या पत्र्याला चिकटलाय. काढून आत सरकवला, निषाद बोलायला लागला.

कपाटावर गेलेला नाही. रोज अर्ध्या तासाचा पाऊण तास होतोय. एकच शंका उरलीय: एक जीभ वाजवून तिच्यावर हात ठेवून ती बंद केली, तरी मागे बारीक गुणगुण राहते. बिघाड आहे का?

खर्जातला

नाही. सगळ्या जिभा एकाच पत्र्यातून कापलेल्या आहेत, एकीला हलवलं की बाकीच्यांनाही थोडं कळतं. नको असेल तेव्हा दोन्ही तळहात घुमटावर अलगद टेकवा, सगळं थांबेल. पण मी तरी थांबवत नाही.