मदत हवी आहे: क्लासिकल शाळेचा गृहपाठ, सहावीतली लेक रोज रात्री दहापर्यंत जागी

वाळवंटातली_जाई

नमस्कार. बरीच वर्षं नुसती वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

आम्ही अॅरिझोनात, फिनिक्सच्या एका उपनगरात राहतो. लेक अकरा वर्षांची. पाचवीपर्यंत घराजवळच्या डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे हद्दीतल्या मुलांसाठी असलेल्या साध्या सरकारी शाळेत होती. तिथे गृहपाठ म्हणजे रोज वीस मिनिटं वाचन आणि आठवड्याला गणिताचा एक कागद. ती कायम पुढे, आणि मला कायम धास्ती की हिला कष्टांची सवयच लागत नाहीये. ऑफिसातल्या दोघींची मुलं क्लासिकल चार्टर शाळेत आहेत, त्यांची अक्षरं आणि बोलणं बघून आम्हीही नंबर लावला. फी नाही, शाळा सरकारी पैशावर चालते, पण लॉटरी लागावी लागते. दोन वर्षं लागली नाही, यंदा सहावीसाठी लागली. त्या दिवशी मी शिरा केला होता. नवरा हल्ली रात्री नऊनंतर त्या शिऱ्याची आठवण काढतो.

ज्यांना या शाळा माहीत नाहीत त्यांच्यासाठी: युरोपातल्या जुन्या शिक्षणाच्या तीन पायऱ्या होत्या, व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व. लहानपणी भरपूर पाठ करायचं, मधल्या वयात प्रश्न विचारायला आणि वाद घालायला शिकायचं, मोठेपणी आपलं म्हणणं नीट मांडायचं. डोरोथी सेयर्स या लेखिकेने १९४७ साली ऑक्सफर्डला यावर एक भाषण दिलं, त्याचा दाखला हे लोक अजून देतात. आमच्याही पालकसभेत दिला. प्रत्यक्षात काय, तर गणवेश, वर्गात स्क्रीन नाही, इंग्रजी अक्षरं एकमेकांना जोडून (कर्सिव्ह) लिहायची, कविता पाठ म्हणायच्या, आणि सहावीपासून लॅटिन सक्तीचं.

हे सगळं मला आवडलं होतं, अजूनही आवडतं. म्हणून तर पंचाईत आहे.

शाळा सव्वातीनला सुटते. बस नाही, गाड्यांच्या रांगेत अर्धा तास जातो. चारनंतर घरी, खाणं, आणि पाचला ती बसते. गणिताची तीस उदाहरणं, प्रत्येक पायरी लिहून. लॅटिनचे दहा शब्द आणि शब्दाच्या रूपांचा एक तक्ता न बघता. कथेची वीस पानं, समासात टिपणं करत. शिवाय इतिहास नाहीतर विज्ञान, आणि कुठली तरी कविता चालूच. मधे जेवण, आंघोळ. झोपायला दहा, कधी साडेदहा. सकाळी सहाला उठते. भरतनाट्यमचे दोन वार चालू आहेत, रविवारची मराठी शाळा गेले तीन आठवडे बुडाली.

परवा रात्री ती लॅटिनचा तक्ता लिहीत होती. एकच रूप तीन ठिकाणी आलं, तिला वाटलं आपलंच चुकलंय. खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच आलं, मग कागद टराटरा फाडला. आणि मराठीत विचारलं, "आई, मी ढ झालेय का?" हा शब्द तिला माहीत आहे तोही माझ्यामुळेच. माझ्या शाळेच्या गोष्टी मीच तिला हसत हसत सांगितल्यात. पहिल्या तिमाहीत गणितात सी आलाय. या मुलीने आजवर सी बघितला नव्हता.

नवऱ्याचं म्हणणं, आपणही केलंच की, पाढे पाठ केले, काय बिघडलं? मी म्हणते केलं, पण नऊला झोपलो होतो.

तर: सहावीला इतका वेळ लागणं नेहमीचं आहे की आमचंच काही चुकतंय? लॅटिन आम्हा दोघांना येत नाही, मदत करायची कशी? (दहावीला मला शंभर मार्कांचं संस्कृत होतं, स्कोअरिंग म्हणून घेतलं आणि पेपर झाल्यावर विसरले.) शिक्षकांशी बोललं तर "झेपत नसेल तर दुसरी शाळा बघा" असं ऐकावं लागेल अशी भीती वाटते. एका मैत्रिणीला ते जवळजवळ याच शब्दांत ऐकावं लागलंय. आणि काढायचंच झालं तर वर्षाच्या मध्यात काढावं का?

खडूफळा

मी न्यू जर्सीत माध्यमिक शाळेत गणित शिकवते. शाळा क्लासिकल नाही, पण गृहपाठ देणारी बाजू कशी विचार करते ते सांगू शकते.

इयत्तेमागे दहा मिनिटं असा इथे एक ठोकताळा आहे, म्हणजे सहावीला तासभर. इथली शिक्षकांची मोठी संघटना आणि राष्ट्रीय पालक-शिक्षक संघटना दोन्ही तो मानतात. ड्यूक विद्यापीठाच्या हॅरिस कूपर यांनी २००६ साली गृहपाठावरच्या बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यात सातवीपासून पुढे गृहपाठ आणि गुण यांचा संबंध बऱ्यापैकी दिसतो, प्राथमिकला फारच कमी. तुमची लेक नेमकी त्या उंबरठ्यावर आहे. क्लासिकल शाळा तासाच्या वर जाणार हे गृहीत धरा, पण रोज चार-पाच तास टेबलाशी हे कुठल्याच शाळेला अपेक्षित नसतं.

शिक्षकांना हे माहीत असेल असं समजू नका. मी वीस मिनिटांचा गृहपाठ देते. माझ्या शेजारच्या वर्गातली बाईही वीस मिनिटांचाच देते. असे पाच जण वीस-वीस मिनिटं देतात आणि वीस मिनिटं हा हिशोब वर्गातल्या चटपटीत मुलावरून केलेला असतो.

एक आठवडा वहीत फक्त वेळ लिहा. विषय, बसली कधी, उठली कधी. जेवण आणि पेन्सिल शोधणं वगळून. मग ती वही घेऊन भेटा. "खूप होतंय हो" म्हणणाऱ्या पालकाला आम्ही धीर देऊन वाटेला लावतो. "गणिताला पासष्ट मिनिटं" असं कागदावर दाखवणाऱ्यासमोर मात्र खाली बसावंच लागतं. आणि "कमी करा" म्हणू नका, "तुमच्या अंदाजाने याला किती वेळ लागायला हवा?" असं विचारा. तिथून बोलणं आपोआप सरकतं.

बाराखडी

स्पष्ट बोलते, राग मानू नका. लॉटरीत नाव घालताना काय वाटलं होतं? शिस्त हवी, अक्षर हवं, लॅटिन हवं आणि गृहपाठ नको, असं कसं चालेल. दोन महिन्यांत रडारड म्हणजे आधीच्या शाळेने लाडावून ठेवलं होतं. रेटा थोडं. आमचा मुलगा टेक्सासात अशाच शाळेत आहे, तिसरीपासून. आता आठवीत आहे, मजेत आहे.

वाळवंटातली_जाई

@बाराखडी, राग नाही, अर्धं तर मी स्वतःलाच म्हणत असते. पण तिसरीपासून आणि सहावीपासून यात फरक आहे की नाही?

उंबराचं फूल

आहे, आणि तोच या धाग्यातला मुख्य मुद्दा आहे असं मला वाटतं. माझा मुलगा अशाच शाळेत पाचवीत शिरला, सातवीच्या अखेरीला आम्ही काढला. दोन्ही निर्णयांचा पस्तावा नाही.

सोबतची मुलं बालवर्गापासून तिथे असतात. त्यांनी गणितात सिंगापूर पद्धतीच्या पट्ट्या काढून (संख्यांच्या जागी लांब-आखूड चौकोन काढायचे) उदाहरणं सोडवलेली असतात. इंग्रजीत वाक्य रेघांवर मांडून कर्ता-क्रियापद-विशेषणं वेगळी काढायला ती केव्हाच शिकलेली असतात. शिक्षक हे येतंय असं धरूनच पुढे जातात. आमच्या मुलाला तासभर लागायचा कारण तो उदाहरण सोडवत नव्हता, पद्धत शोधत होता. शिकवणी लावली तीही चुकीची, कारण शिकवणारा दुसऱ्याच पद्धतीने सोडवून द्यायचा आणि शाळेत पायऱ्यांचे गुण जायचे. शेवटी शाळा भरण्याआधी अर्धा तास गणिताचे सर बसायचे, त्यांच्याकडे आठवड्यातून दोनदा पाठवलं. तुमच्याकडे अशी सोय आहे का विचारा. सी हुशारीचा नाही, सुटलेल्या चार गोष्टींचा आहे. त्या चार कुठल्या हे सरांकडून लिहून घ्या.

काढण्याबद्दल: डिस्ट्रिक्टची शाळा हद्दीतल्या मुलाला कधीही घेते. चार्टरची जागा मात्र सोडली की प्रतीक्षायादीतल्या पुढच्याला जाते, परत यायचं तर पुन्हा लॉटरी. म्हणून रागाच्या भरात ऑक्टोबरात काढू नका, सत्र संपू द्या. पण पोट दुखतंय, शाळेत जायचं नाही असं रोज सकाळी सुरू झालं तर सत्राची वाट बघू नका. आम्ही बघितली, तेवढं एक चुकलं.

तिसरी घंटा

सगळे गणितावर अडकलेत, मी लॅटिनवर येतो. सांगलीत निवृत्त संस्कृत शिक्षक आहे. लॅटिन हौसेने शिकलो, पोटापुरतं.

ताई, तुम्हाला लॅटिन येत नाही हे अर्धसत्य आहे. 'माला' चालवून बघा. माला, द्वितीयेला मालाम्. तिच्या पुस्तकातली मुलगी आहे 'पुएल्ला', द्वितीयेला 'पुएल्लम'. तोच म. क्रियापदं बघा: पठति, पठन्ति. तिकडे 'अमत', 'अमन्त', म्हणजे तो प्रेम करतो, ते प्रेम करतात. पठामः आणि 'अमामुस'. विल्यम जोन्सने १७८६ साली कोलकात्यात जे सांगितलं, की या भाषा एकाच मुळातून आलेल्या दिसतात, ते तुमच्या जेवणाच्या टेबलावर पडलेलं आहे. शब्दही बघा: पितृ-पातेर, मातृ-मातेर, सप्त-सेप्तेम, अग्नि-इग्निस, नव-नोवुस. रोजच्या दहांतले एक-दोन असे फुकट मिळतात.

आता फाडलेला कागद. ती चुकली नव्हती! 'पुएल्लाय' हे रूप 'मुलीचा', 'मुलीला' आणि 'मुली' अशा तिन्ही अर्थांनी येतं. तिन्ही जागी तेच लिहायचं असतं. तिला हे आधी सांगा, बाकीचं नंतर.

इंग्रजीतून लॅटिनला जाणारं मूल शब्दांच्या क्रमावर विसंबतं आणि आपटतं. मराठी मुलाला क्रमाची गरज नसते, प्रत्यय बघायची सवय असते. 'पुएल्ला अग्रिकोलाय रोसम दत'. मुलगी शेतकऱ्याला गुलाब देते. शब्द जागच्या जागी ठेवून मराठी झालं, क्रियापदसुद्धा शेवटी! इंग्रजीत करून बघा, सगळं हलवावं लागतं. 'दत' म्हणजे आपलाच दा धातू. तिला आधी मराठीत अर्थ लावू दे, मग इंग्रजीत लिहू दे. दुप्पट काम वाटेल, पण वेळ निम्मा लागेल.

आणि तक्ता लिहून पाठ होत नाही. मोठ्याने, चालीत, येरझाऱ्या घालत म्हणायचा. दहा मिनिटं संध्याकाळी, पाच सकाळी गाडीत. लिहायचा फक्त एकदा, शेवटी.

वाळवंटातली_जाई

@तिसरी घंटा, सर, तुमचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. "म्हणजे मी बरोबर होते?" एवढंच म्हणाली आणि कचऱ्याच्या डब्यातून कागदाचे तुकडे काढायला गेली.

माझी आई नाशिकला शाळेत संस्कृत शिकवायची, आणि मी तिला विचारलंसुद्धा नव्हतं. लॅटिन म्हटल्यावर डोक्यात आलंच नाही.

वाळवंटातली_जाई (तीन आठवड्यांनी)

सांगितल्याप्रमाणे वही केली. सरासरी दोन तास पन्नास मिनिटं निघाली: गणित पासष्ट, लॅटिन पंचेचाळीस, वाचन चाळीस, बाकी वीस. म्हणजे पाच ते दहामधला बराच वेळ अभ्यासात नव्हे, अभ्यासाभोवती जात होता. हे मला स्वतःला धक्कादायक होतं. त्यात माझं दर दहा मिनिटांनी "झालं का?" विचारणंही आलं.

वही घेऊन भेटले. वाचनाच्या बाईंना कळेना चाळीस मिनिटं कशी. पुस्तक उघडून दाखवलं तर हिने प्रत्येक परिच्छेदाला टीप लिहिलेली! त्यांना अख्ख्या प्रकरणाला तीन पुरेत. हे वर्गात सांगितलंही होतं म्हणे. गणिताच्या सरांनी सध्या एकाआड एक उदाहरण चालेल म्हटलं आणि मंगळवार-गुरुवारी शाळेआधी बोलावलंय. @उंबराचं फूल, पट्ट्यांचंच निघालं, अगदी तुम्ही म्हणालात तसं. "दुसरी शाळा बघा" कोणी म्हटलं नाही. इतिहासाच्या सरांनी मात्र "सवय होईल" म्हणून विषय संपवला.

लॅटिनला आता आजी आहे. आमच्याकडे उन्हाळा-हिवाळ्यासाठी घड्याळ तासाने पुढे-मागे करत नाहीत, त्यामुळे भारताशी साडेबारा तासांचं अंतर कायम. आमचे संध्याकाळचे सात म्हणजे नाशिकला सकाळचे साडेसात. आई चहाचा कप घेऊन बसते, लेक येरझाऱ्या घालत रूपं म्हणते. आईला लॅटिन येत नाही, पण चुकीचं काय वाटतंय ते तिला ऐकूनच कळतं. कधी कधी दोघी भरकटतात आणि वीस मिनिटांचा पाऊण तास होतो. तो वेळ वहीत लिहायचा की नाही यावर आमच्या घरात एकमत नाही.

एकूण आता पावणेदोन तासांवर आलंय. बहुतेक रात्री सव्वानऊला झोपते. मराठी शाळा पुन्हा सुरू केली, एक आड एक रविवार. गणिताच्या परवाच्या चाचणीत पुन्हा सीच आहे, पण या वेळी कागद फाडला नाही. राहायचं की नाही ते डिसेंबरात सत्र संपल्यावर ठरवू. नवरा राहा म्हणतो, मी अजून कुंपणावर.

एक राहिलं: ते रेघांवर वाक्य मांडणं कुणी घरी शिकवलंय का? @बाराखडी, तुमच्या मुलाच्या चौथी-पाचवीच्या जुन्या वह्या असतील तर फोटो टाकाल का?

बाराखडी

आहेत, गॅरेजमधे खोक्यात. शनिवारी काढते. त्याचं अक्षर तेव्हा फार वाईट होतं, आधीच सांगून ठेवते.